बांबूतल्या बेडकाचं बारसं

मंगळवार, २१ ऑक्टोबर

माझा चुलतदीर तिलाही येऊन गेला. मंगळवारी शेतात पाय टाकणं फादी, पूर्वजांनी मना केलेलं, म्हणून गावातले सगळे बापे आज दुसऱ्यांच्या अंगणात पाय टाकत हिंडतात. माझ्या अंगणात उभा राहून बांबूच्या बनाकडे बघत होता. वरपासून खालपर्यंत. बैल विकत घेताना बघतात तसं.

मग गोड आवाजात — "वहिनी, तुमचे भाऊ बरे आहेत ना? फानांतारात यंदा पीकपाणी कसं आहे?"

माझ्या माहेराची एवढी काळजी माझ्या माहेरच्यांनाही नाही. मला अर्थ कळतो. लेमेना जाऊन तीन वर्षं झाली, पोटी मूल नाही, तेव्हा विधवेनं आता आपली चटई गुंडाळावी आणि जिथून आली तिथे जावं. तिलाही माझ्या सासऱ्यांचा पुतण्या. सासऱ्यांच्या मागे घराण्याची काठी त्याच्याच हातात जाणार, म्हणजे पूर्वजांशी बोलायचा मानही त्याचा आणि जमिनीवरचा शब्दही त्याचा. त्याला बन तोडून जाळायचंय, डोंगरभात पेरायला. बन गेलं की खालचा झरा आटणार. झरा आटला की माझं घर उठणार. मग मी फानांतारात भावजयांच्या चुलीपाशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं, मरेपर्यंत.

सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, "अजून मी आहे ना." आहेत खरे. पण खोकतात किती!

बुधवार, २२ ऑक्टोबर

हासिना नाचत आली. ही राजधानीची पोर, बेडकांच्या अभ्यासाला आलेली, महिनाभर माझ्या अंगणात तंबू ठोकून राहिली आहे. थंड प्रदेशातली असून आमच्याकडेही दोन स्वेटर घालते. बापानं एवढं शिकवलं आणि ही रोज संध्याकाळी बांबूच्या खुंटात डोकं घालून बसते.

"काकू, नवीन आहे! कोणाच्याच नोंदीत नाही!"

काय तर — टुकटुक्या. बांबू कापला की खुंटात पाणी साचतं, त्यात राहणारा बेडूक. अंगठ्याच्या नखाएवढा. बोटांच्या टोकांना टिकल्या चिकटवल्यासारखं काहीतरी असतं, त्यावर भिंतसुद्धा चढतो. संध्याकाळ झाली की टुक्, टुक्, टुक्, एकच सूर, थांबायचं नाव नाही. लेमेना त्या आवाजावर चप्पल फेकायचा. एकदा चप्पल बनातच राहिली आणि मग दुसरीही फेकली, एकीचं काय करायचं म्हणून.

तर आम्ही सगळे जन्मापासून ज्याला शिव्या देतो तो म्हणे जगाला ठाऊकच नाही. मी म्हटलं, जगाला शांत झोप लागत असेल.

हासिना सांगत होती, मादी अंडी घालून निघून जाते. नर तिथेच पाण्यात बसतो. पिलांना पाय फुटेपर्यंत हलत नाही.

मी म्हटलं, "खोटं."

"खरंच, काकू."

"बाप्या? घरात? हलत नाही?"

ती हसायला लागली. मी चेष्टा करत नव्हते.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज माझं डोकं चाललं. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते.

हासिना म्हणाली, नवीन प्राण्याला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. ज्यांच्या बनात सापडला त्यांच्या नावावरून ठेवलं तर बरं दिसेल का, काकू? म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या? बेझारांच्या?

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला. घराण्याच्या म्हाताऱ्याचं नाव ज्याला दिलं, त्याचं घर तोडायला कोणाचा हात उचलेल? एवढंच काय, त्या खुंटावर कोणी पाय ठेवणार नाही. आमच्याकडे एका घराण्यात पणजोबांचं नाव एका फणसाला दिलंय, ते लोक फणस खायचे सोडा, वास आला तरी रस्ता बदलतात.

मी अगदी साधं तोंड करून म्हटलं, "विचार की बाबांना. आणि तिलाही समोर असला की विचार. त्याला राग नको यायला."

शनिवार, २५ ऑक्टोबर

विचारलं. म्हातारा तंबाखू थुंकला.

"बेडूक? माझं नाव? मगर तरी शोधायची होतीस, पोरी."

हासिनाचं तोंड एवढंसं झालं. पण तिलाही! देव त्याचं भलं करो, थोडंसंच. त्याचे डोळे लकाकले. "काका, असं काय करता? परदेशातल्या पुस्तकात आपल्या घराण्याचं नाव! मंत्र्याला तरी मिळतं का?"

म्हातारा म्हणाला, "मंत्र्याला द्या मग. शोभेल."

तिलाही ऐकेना. उभा राहिला, हात कमरेवर, उद्याचा प्रमुख आजच दिसायला लागला. "आणि नुसतं पुस्तकात नको. व्हायचं तर रीतसर व्हायला हवं. पूर्वजांना सांगायचं. मूल जन्मल्यावर सांगतो तसं. सगळ्या गावासमोर. कोंबडा माझा, दारू माझी."

मी पातेल्यात डोकं घातलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. पुस्तकातल्या नावाला गावात कोण विचारतं? पण पूर्वजांना सांगितलेलं नाव! ते मागे घ्यायची सोयच नाही. माझं काम हा गाढव स्वतःच्या खर्चानं करणार.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सासरे जेवले नाहीत. म्हणे, पोटात बेडूक आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

उजाडता उजाडता म्हाताऱ्याला बनात नेलं. "निदान तोंड तरी बघा," म्हटलं. "नावाला नाही म्हणायचं तर ओळख करून घेऊन म्हणा." काठी टेकत, खोकत, मला शिव्या देत आले. हासिनानं खुंट दाखवला आणि बॅटरी दिली.

वाकून बघितलं. मला वाटलं, आता थुंकतात. थुंकले नाहीत. बराच वेळ तसेच वाकलेले. आत तो नखाएवढा जीव, डोळे वर करून, आणि भोवती पाण्यात काळी पिल्लं.

"हा खातो कधी?"

हासिना म्हणाली, "फार कमी, आजोबा. पिल्लांना सोडून जात नाही."

"आणि बायको?"

"गेली."

"आणि हा बसून."

"पिल्लांना पाय फुटेपर्यंत."

म्हातारा सरळ झाला. कंबर धरून. हासिनाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले, "लेमेना चालायला लागला तेव्हा मी दक्षिणेला गुरं हाकत होतो. परत आलो तर पळत होता. मला बघून आईच्या मागे लपला." मग काठीनं वाट चाचपत निघाले. "या बेडकाला माझं नाव देऊ नका. त्यालाच लाज वाटेल."

वाईट वाटलं मला, आणि त्याच वेळी राग आला की आता बनाचं काय होणार. दोन्ही खरं आहे. घरी येऊन रताळी उकडली.

शनिवार, १ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. जंगलातल्या थडग्यांभोवतीचं गवत काढलं. बायका गवत काढतात, बापे भाषणं करतात.

लेमेना आत आहे, छपराखाली, आजोबा-पणजोबांच्या शेजारी. त्याच्याजवळ मला जागा नाही. मी मेले की मला फानांताराला नेणार, माझ्या लोकांत. रीत आहे, त्यात कोणाचा दोष नाही. मूल असतं तर निदान त्याची आई म्हणून इथे ओळख असती. बावीस वर्षं या थडग्यांचं गवत मी काढते आहे, पण आतल्यांना मी कोण ते कधी कोणी सांगितलेलंच नाही. आणि आता बेडकाला रीतसर सांगणार! कोंबडा कापून! हसू आलं आधी. मग डोळ्यांत पाणी आलं आणि मी कचरा गेला असं म्हटलं.

सासरे छपराच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी बघितलं.

घरी येताना वाटेत थांबले आणि म्हणाले, "होऊ दे ते बेडकाचं."

"तुमच्या नावानं?"

"होऊ दे म्हटलं ना. किती बोलतेस."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बेत ठरला. पंधरा तारखेला, शनिवारी. तिलाही घरोघर आमंत्रणं देतो आहे. "आमच्या काकांचा बेडूक" म्हणतो. कोणी विचारलं, केवढा आहे, तर हाताची ओंजळ करून दाखवतो. शिक्षकाला बोलावलं, पाद्रीबाबालाही बोलावलं. पाद्रीबाबा म्हणाला, मी कोंबड्याच्या वेळी तोंड फिरवून बसेन, पण येईन.

आणि ऐका, आमचा हाच शहाणा संध्याकाळी मला म्हणतो, "वहिनी, शनिवारचं एकदा झालं की सोमवारी बन तोडायला माणसं लावतो. तुम्हालाही आवराआवरीला वेळ मिळेल."

या माणसाच्या डोक्यात दोन विचार शेजारी राहतात, पण त्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं नाही.

मी म्हटलं, "बरं भाऊजी."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हासिनाला सर्दी. सुंठेचा काढा दिला. तिसरा स्वेटर घातलाय. बेडूक ठणठणीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

घात झाला.

हासिना सकाळी टेकडीवरच्या खडकावर गेली होती. फोनला तिथेच आवाज येतो. दुपारी परतली ती भिजलेल्या कोंबडीसारखी. मला घरात ओढून दार लावलं.

"काकू, नवीन नाहीये तो."

"काय नवीन नाही?"

"बेडूक. आमच्या विद्यापीठातल्या सरांनी मी पाठवलेला आवाज ताडून बघितला. उत्तरेकडच्या जंगलात फार पूर्वीच सापडलाय. तेव्हाच नाव दिलंय, कुठल्यातरी दाढीवाल्या परदेशी माणसाचं."

"मग आपल्या बनात कसा?"

"असतोच तो. कोणी बघितला नव्हता एवढंच." रडायला लागली. "माझी चूक. मी आत्ताच जाऊन सांगते सगळ्यांना. समारंभ रद्द करू."

मी तिचं मनगट धरलं. एवढं घट्ट की ती ओरडली. म्हटलं, "तोंडाला कुलूप लाव. रविवारपर्यंत तू आजारी आहेस. तंबूतून बाहेर यायचं नाही."

"पण हे खोटं होईल ना, काकू?"

होईल. पुस्तकातलं खोटं मला चालेल, मी पुस्तकं वाचत नाही. पण म्हातारा पूर्वजांसमोर उभा राहून खोटं बोलणार आणि त्याला ठाऊकही नसणार. बोललेलं खोटं पडलं तर पूर्वज बोलणाऱ्याला धरतात, त्याला बोलायला लावणाऱ्या सुनेला नाही. आणि म्हाताऱ्याचा खोकला असा.

सांगितलं तर सोमवारी कोयते येणार. नाही सांगितलं तर म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं, म्हणजे मी केलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पूर्वजांना खोटं कळतं का? लेमेनाला तर जिवंतपणी कळायचं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तिलाही कोंबडा घेऊन आला. लाल, माजलेला, त्याच्यासारखाच. माझ्या अंगणात बांधून गेला. "वहिनी, भात कमी पडायला नको हं. आपल्या घराण्याची अब्रू."

आपल्या! मी भाताला पाणी ठेवायची मोठी पातेली घासली. घासताना ठरवलं की सांगायचं नाही. घासून झाल्यावर ठरवलं की सांगायचं. मग पातेली पुन्हा घासली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सांगून टाकलं. सकाळी म्हाताऱ्याच्या खांद्यावर त्यांचं ठेवणीतलं वस्त्र गुंडाळत होते, ते हात वर करून उभे होते, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून जमलं.

"बाबा, बेडूक नवीन नाही. त्याला आधीच नाव आहे, परक्या माणसाचं. मला बुधवारपासून माहीत आहे. मीच हासिनाला गप्प बसवलं. बन वाचावं म्हणून केलं सगळं, पहिल्यापासून. तुमच्या नावाची आड मला हवी होती. पण तुम्ही तिथे उभं राहून खोटं बोलावं हे मला नको. काय शिक्षा करायची ती मला करा."

आधी खोकून घेतलं. मग म्हणाले, "बन वाचवायचंय हे मला तू पहिल्या दिवशी पातेल्यात डोकं घातलंस तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तिलाही दारू देत होता." गाठ नीट बसली का चाचपलं. "तो तिथे आहे ना अजून? खुंटात?"

"आहे. सकाळीच बघून आले."

"पिलांपाशी?"

"पिलांपाशी."

"मग परदेशी लोकांनी काय लिहिलंय त्याच्याशी पूर्वजांना काय करायचंय. त्यांना वाचता येत नाही." काठी मागितली. दारात थांबून मागे बघितलं. "तू चुलीपाशी थांब. आणि रडून भात खारट करू नकोस."

आता हे चुलीपाशी बसूनच लिहिते आहे, भात शिजेपर्यंत. सगळं गाव बनात गेलंय. हासिनाही गेली, नाक लाल, तिलाही तिला पुढे बसवणार म्हणत होता. पाद्रीबाबा तोंड फिरवून बसला असेल, पण बाटली जिथे आहे त्या बाजूला. मला इथून दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हाताऱ्यानं पूर्वेकडे दारू शिंपली असावी, एकेकाला हाका मारायला सुरुवात केली. पणजोबा. आजोबा. मोठे भाऊ. बायको. आवाज चांगला लागलाय, खोकला नाही. लेमेना. त्याचं नाव घेताना थांबले थोडे.

भात उतू चालला.

रविवार, १६ नोव्हेंबर

सगळे "बेझारा" ऐकायला कान देऊन बसले होते. म्हातारा काठी खुंटावर टेकून पूर्वजांना म्हणाला, "हा जीव सगळे निघून गेल्यावरही घरात बसून राहिला. पाणी राखलं, आमचं माणूस राखलं. हा आपल्यातला. याला ओळखा, याला जागा द्या. याचं नाव सुआवेलो."

माझं नाव. लग्न होऊन आल्यापासून या घरात कोणी घेतलं नव्हतं. मला वाटत होतं म्हाताऱ्याला ते ठाऊकही नसेल.

म्हणे हासिनानं हात वर केला, "आजोबा, नर आहे तो," आणि शिक्षकानं तिचा हात खाली ओढला. म्हणे तिलाहीनं तोवर आपला पेला रिकामा केला होता. पूर्वजांच्या नावानं दारू पिऊन नाव मान्य केलेला माणूस, तो आता बन कसं तोडणार आणि कोणाला बाहेर काढणार?

जेवायला बसला तेव्हा तोंडात मारल्यासारखा दिसत होता. पातेल्याकडे बघत राहिला, माझ्याकडे बघेना. वहिनी म्हणावं की काय म्हणावं, ते कळत नसावं.

शेवटी म्हणाला, "सुआवेलो, भात वाढ."

वाढला. पातेल्याच्या तळाचा, करपलेला.